पाच नंबरचे बूट

रविवार, ९ नोव्हेंबर

आज टर्फवर सगळ्यांसमोर दोनदा आपटले. चालायच्या बुटांनी त्या खोट्या गवतावर पाय ठरत नाही. दुसऱ्यांदा पडले तेव्हा रुचिरा धावत आली, हात दिला आणि लगेच म्हणाली, "ताई, तू फुटबॉलचे बूट घे गं आता. घाटकोपरला प्रीतमचं दुकान आहे. माझं नाव सांग."

माझं नाव सांग. म्हणजे हिचं तिथे काहीतरी ठरलेलं आहे.

रुचिरा आमच्याच सोसायटीतली, बी विंगमधली. दिवाळीच्या आधी तिने हा बायकांचा ग्रुप काढला. दर रविवारी सकाळी मुलुंडच्या टर्फवर खेळायचं, जमेल तसं. कोणी बँकेतली, कोणी शिक्षिका, दोघीतिघी घर सांभाळणाऱ्या. मी त्यांच्यात सगळ्यात मोठी. लेक पुण्याला शिकायला गेली आणि घर एकदम शांत झालं, तेव्हा निलेश म्हणाला, जाऊन तर बघ. नवरा एवढ्या उत्साहाने बायकोला घराबाहेर का काढतो, असंही तेव्हा मनात येऊन गेलं. पण गेले. पहिल्याच दिवशी एक बॉल अडवला आणि अशी ओरडले की बाहेरच्या रिक्षावाल्याने मान वळवून बघितलं. तेव्हापासून शनिवारीच मी खेळायचे कपडे काढून ठेवते.

बूट घ्यायला हवेत. रुचिराचं नाव मात्र सांगणार नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

घाटकोपरला जाऊन आले. प्रीतम म्हणजे पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्यांशी मी जपूनच असते. अंधेरीच्या ऑफिसात बसून वीस वर्षं मी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासतेय. गाडी खांबाला घासली की कोणी मुद्दाम घासली, हे फोटोतल्या ओरखड्यावरून सांगते. सगळ्यात खोटे दावे सगळ्यात गोड माणसांचे असतात.

त्याने आधी विचारलं, "कुठे खेळता? टर्फवर ना? मग हे लांब स्टडवाले, तळाला खुंट्या असलेले, नको. ते मातीच्या मैदानाचे. टर्फवर त्यांनी गुडघा मुरगळतो. तुम्ही हे बारीक रबरी गोट्यांचे घ्या." लांब स्टडवाले महाग होते, आणि हा मला स्वस्तातले देत होता. म्हणजे स्वस्तात त्याला जास्त सुटत असणार.

मग लाकडी पट्टीवर माझा पाय ठेवून म्हणाला, "सहा नंबर." सहा घातला. पाय आत आहे की नाही तेच कळेना, रिकाम्या खोक्यात पाय ठेवल्यासारखं. मी पाच मागितला. पाच घालताना थोडा जोर लावावा लागला, पण घातल्यावर पाय कोणीतरी धरून ठेवल्यासारखा वाटला. बूट असा हवा.

तो म्हणाला, "मॅडम, हा घट्ट होतोय. बोटं दाबली जातायत."

"तुमचा पाय आहे की माझा?"

"तुमचाच. पण खेळताना पाय थोडा सुजतो, म्हणून सांगतो."

त्याच्या मागे सहा नंबरच्या खोक्यांची थप्पी छताला टेकली होती. न खपलेला माल कोणाच्या गळ्यात मारायचा, तर माझ्या. मी पाच नंबरच घेऊन निघाले. निळे, आत लाल अस्तर.

रविवार, १६ नोव्हेंबर

झकास. एकदाही पडले नाही. गोल झाला नाही, पण गोल होईल असा पास दिला आणि रुचिराने तो घालवला. मुद्दाम घालवला का, सांगता येत नाही.

खेळून झाल्यावर सगळ्या जणी कडेला बसून बूट काढत होत्या. शिक्षिका दिशाच्या टाचेला फोड, बँकवालीचा अंगठा सोललेला, सगळ्यांचं आई गं, ऊई गं चाललं होतं. माझं काहीच दुखत नव्हतं. अगदी काहीच नाही. प्रीतमला दाखवायला हवं होतं, पाच नंबर बरोबर होता की नाही ते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मला वाटलंच होतं. माल खोटा निघाला.

धुवायला मोजे काढले तर डाव्या मोज्याला करंगळीपाशी तांबडा डाग. अस्तराचा रंग सुटतोय. पायालाही थोडा लागला होता, करंगळीच्या कडेला कातडी जराशी सोलल्यासारखी. पुसून टाकली. निलेश म्हणाला, "रंग कसला, रक्त असेल ते." मी म्हटलं, रक्त असतं तर दुखलं नसतं का? मला काही होत नाहीये. निलेश शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, पोरांच्या बाटल्या धुऊन त्याला वाटतं आपण शास्त्रज्ञ झालो.

मोज्याचे चार बाजूंनी फोटो काढले आणि संध्याकाळी घाटकोपर गाठलं. प्रीतमने पांढरा रुमाल ओला करून अस्तरावर खसाखसा घासला. रुमाल पांढराच राहिला. मग म्हणाला, "तरी तुमचं समाधान नसेल तर पैसे परत घ्या, मॅडम."

वापरलेल्या बुटांचे पैसे एवढ्या सहज कोण परत देतं? ज्याला प्रकरण मिटवायचं असतं तो. मी पैसे घेतले नाहीत. बूट आणि पुरावा दोन्ही माझ्याकडेच राहू देत.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ऑफिसात तपासणी शिबिर होतं. एका लॅबने फुकट ठेवलं होतं. फुकट का, ते रिपोर्ट आल्यावर कळलं. अर्ध्या ऑफिसला काही ना काही निघालंय, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच लॅबमध्ये. माझी शुगर म्हणे खूप वाढलीये. तीन वर्षांपूर्वीही असंच कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हा थोडे महिने गोळ्या घेतल्या. घेऊन काही वेगळं वाटेना, न घेऊनही वाटेना. मग सोडल्या.

घरी निलेशने विचारलं, "रिपोर्ट आला का?" मी म्हटलं, आला, सगळं ठीक. तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

डॉक्टरांवर माझा विश्वास का नाही हे त्याला माहीत आहे. गिरणी बंद पडल्यावर बाबा एका बिल्डिंगवर वॉचमन होते. पायाला साधी जखम झाली म्हणून दाखल केलं, आणि आठवड्याच्या आत गुडघ्याखाली पाय कापून मोकळे. बिल वाढवायला. चालत गेलेला माणूस कुबड्यांवर परत आला. मी तेव्हा कॉलेजात होते. कागद मागितले तर माझ्यासमोर नीट बोलायलाही कोणी उभं राहिलं नाही. त्या दिवसापासून मी कागद मागायला शिकले.

रविवार, ७ डिसेंबर

मला गोलमध्ये उभं केलं.

रुचिरा आधी इकडचं तिकडचं बोलत राहिली, मग म्हणाली, "ताई, तू आज गोलकीपर हो ना." का, तर मी डावा पाय आपटत टाकते आणि मागच्या वेळी वळताना तोल गेला. "तुला लागेल गं कुठेतरी." माझी एवढी काळजी हिला कधीपासून? गेल्या रविवारी मी एक गोल केला, हिने एकही केला नाही. खरं कारण ते आहे.

पाय आपटते म्हणे. टर्फच मऊ आहे. खाली जमीन आहे की गादी तेच कळत नाही. पूर्वी एवढं मऊ नव्हतं. आतला माल बदलला असेल मालकाने, त्यालाही विचारायला हवं.

शनिवार, १३ डिसेंबर

आजचं नीट क्रमाने लिहिते.

सकाळी बूट घालून बघितले तर सैल. परत तेच, पाय खोक्यात ठेवल्यासारखा. आधी वाटलं, महिन्याभरात कापड सैल पडलं. पण लेसची टोकं अगदी नवी होती. खालच्या रबरी गोट्या झिजल्या नव्हत्या. पुढच्या टोकावर ओरखडे होते, पण ते मी खिडकीशी नेऊन बघितले. सगळे एकाच दिशेने, एकाच जोराचे. खेळताना बूट असा घासत नाही. हे कोणीतरी हाताने घासलेत. मग बुटाची जीभ उलटून आतला नंबर बघितला. सहा.

रविवारनंतर बूट घराबाहेर गेले नव्हते. घरात आम्ही दोघंच.

निलेशला समोर बसवलं. विचारलं, "हे माझे बूट आहेत?" तो हो म्हणाला. मी म्हटलं, परत एकदा विचारते. मग त्याने मान खाली घातली. गुरुवारी शाळेतून लवकर सुटून तो प्रीतमकडे गेला, तसेच दिसणारे सहा नंबरचे नवे घेतले, आणि मला कळू नये म्हणून गच्चीच्या कठड्यावर घासून जुने केले.

"का?"

"सुलू, तुझ्या करंगळीचं नख काळं पडलंय. बाजूला घट्टा आलाय. तुला काहीच कसं दुखत नाही गं?"

"दुखत नाही तर दुखत नाही. नख काळं झालं म्हणून बायकोला फसवायचं?"

"सांगून ऐकलं असतंस?"

मी उठून आत गेले. पाच नंबरचे कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला, प्रीतमकडे ठेवलेत. म्हणजे दोघं मिळून. त्या दोघांत अजून काय बोलणं झालं असेल? रुचिराही त्यात असेल. तिनेच तर दुकान सांगितलं होतं.

वीस वर्षं मी लोकांचे खोटे ओरखडे पकडतेय. ते माझ्या घरात निघतील असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, १६ डिसेंबर

ऑफिस सुटल्यावर अंधेरीलाच दुसऱ्या दुकानात गेले. कोणाचं नाव सांगितलं नाही, पाय मोजू दिला नाही. दुसऱ्या कंपनीचे, काळे, पाच नंबर. दुकानदार एक शब्द बोलला नाही. असा माणूस बरा.

निलेशशी बोलणं नाही. भाजी काय करायची तेवढंच.

रविवार, २१ डिसेंबर

पार्ल्याच्या बायकांचा ग्रुप आला होता. दोन सामने झाले. मी रुचिराला आधीच सांगितलं, गोलमध्ये उभी राहणार नाही, नाहीतर येणारच नाही. ती म्हणाली, "तुझी मर्जी, ताई." चेहरा पडला होता तिचा.

दोन्ही सामने पूर्ण खेळले. दुसऱ्यात शेवटी बॉल माझ्या डाव्या पायाला लागून गोल झाला. सगळ्या माझ्या अंगावर येऊन पडल्या. रुचिरानेही मिठी मारली, आणि ती खरी होती असं मला आत्ता तरी वाटतंय.

बूट काढताना डावा मोजा आत चिकटला होता. ओढून काढला. काळ्या बुटाचाही रंग जातो वाटतं. घाई होती, मोजा तसाच बॅगेत टाकला. पायाला घरी आल्यावर पावडर लावली.

गुरुवार, २५ डिसेंबर

घरात वास येतोय. कुजकट, गोडसर. बाथरूमची जाळी उघडून साफ केली. मग वाटलं माळ्यावर उंदीर मेला असेल, तिथलं सगळं सामान खाली काढलं. काही नाही. शेजारचे काहीतरी कुंडीत सडवतात खत म्हणून, त्यांचंच असणार. सेक्रेटरीला मेसेज केला.

कसकस वाटतेय. काल ऑफिसात कोणीतरी केक आणला होता, तो शिळा असावा.

शनिवार, २७ डिसेंबर

ताप. वास अजून आहे. निलेश दुपारी खोलीत आला, दारातच थांबला. मग माझ्या पांघरुणाकडे बघत म्हणाला, "सुलू, मोजे काढ." थंडी वाजत होती म्हणून दोन दिवस मी मोजे घालूनच झोपले होते. मी नाही म्हटलं. तो खाली बसला आणि

शुक्रवार, २ जानेवारी

हॉस्पिटल. बसून लिहिता येतंय.

मागचं वाक्य पूर्ण करणार नाही. निलेशने मोजा काढला तेव्हा मीही बघितलं, एवढंच लिहिते. करंगळी करंगळीसारखी नव्हती. आत टर्फचे काळे रबरी दाणे रुतलेले होते. त्याने मला उचलून खाली नेलं. चार मजले. लिफ्ट चालू होती, पण तो थांबायलाच तयार नव्हता.

इथे डॉक्टर शीतल आहेत, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, करंगळी काढावी लागेल, उशीर केला तर पाऊल. मी म्हटलं, आधी सगळे रिपोर्ट द्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते. त्या चिडल्या नाहीत. रिपोर्ट दिले. रात्रभर ते वाचत बसायचं ठरवलं, पण ग्लानी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एक बारीक नायलॉनचा धागा घेऊन आल्या. आमच्या गावाकडे मासे पकडायच्या गळाला असतो तसा. म्हणाल्या, "डोळे मिटा. पायाला धागा लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. वाट बघत राहिले. बराच वेळ झाला. मी म्हटलं, "सुरू करा ना."

त्या म्हणाल्या, "झालं, सुलक्षणाताई."

मला वाटलं खेळ चाललाय. मी म्हटलं, तुम्ही लावलाच नाहीत. परत करा, आणि निलेश, तू व्हिडिओ काढ. निलेशने मोबाईल धरला. मी परत डोळे मिटले, परत काही नाही.

मग व्हिडिओ बघितला. धागा अंगठ्याला टेकतोय, वाकतोय. टाचेला टेकतोय, वाकतोय. मध्ये, कडेला, बोटांच्या खाली. प्रत्येक ठिकाणी वाकतोय. आणि वर माझा चेहरा, डोळे मिटलेला, शांत, वाट बघणारा. दोन्ही पायांना तेच. फक्त उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला एकदा मी हो म्हटलंय.

मी तो तीनदा बघितला. कुठे तोडून जोडलाय का, तेही बघितलं. मग निलेशला म्हटलं, सही कुठे करायची ते विचार.

मंगळवार, ६ जानेवारी

करंगळी सहीच्याच दिवशी गेली. पाऊल राहिलं.

बँडेज एवढं मोठं आहे की त्यात काय आहे आणि काय नाही ते कळत नाही. तसं ते आधीही कळत नव्हतं. डॉक्टर शीतलनी समजावलं. शुगरने नसा हळूहळू बधिर होतात, म्हणून नीट मापाचा बूट सैल वाटतो आणि चावणारा बूट बरोबर वाटतो. टर्फ मऊ लागायचं तेही त्यामुळे. बऱ्याच जणांचं असं होतं म्हणाल्या. मला चांगलं वाटावं म्हणून म्हणाल्या का, विचारलं नाही.

आज दत्तारामदादा आला, कांजूरहून. माझा मोठा भाऊ, बोलायला आधीच कमी. संत्री ठेवली, बसला. मी त्याला म्हटलं, "बाबांसारखंच झालं बघ. फरक एवढाच, माझ्याकडे कागद आहेत."

त्याने एक संत्रं सोलायला घेतलं. मग म्हणाला, "सुलू, बाबांचो पाय तेंनी उगाच नाय कापलो गो."

"म्हणजे?"

"बाबांनी जखम महिनोभर लपवन ठेवलेली. फडक्यात बांधून कामाक जात. माका ठावक होता. सुलू चेडवाची परीक्षा आसा, तिका सांगू नको, म्हणाले."

मी विचारलं, मग एवढी वर्षं बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तू इचारलंस खंय? तूच सगळ्यांका सांगी होतंस."

त्यानंतर आम्ही दोघांनी संत्रं खाल्लं. तो गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून झोपले. निलेशला वाटलं दुखतंय. त्याने नर्सला बोलावलं.

रविवार, १ फेब्रुवारी

घरी. पट्टी बदलायला एक दिवसाआड नर्स येते. कापूस उघडून देते की आधीच उघडलेला आणते, यावर माझं लक्ष असतं. ती आता स्वतःच पाकीट माझ्यासमोर धरते आणि म्हणते, "बघा, बंद आहे." गोळ्या वेळेवर घेतेय.

रुचिरा खेळून सरळ इकडेच आली, घामेजलेली. आधी उगाच डब्यात आणलेल्या माशाच्या कालवणाचं बोलली, मग रडायलाच लागली. डिसेंबरात तिने निलेशला जिन्यात गाठून सांगितलं होतं की ताईचा पाय बरोबर पडत नाही. म्हणून तो बूट बदलायला गेला होता. "मला तुलाच सांगायला हवं होतं सरळ. पण तू अशी बघतेस ना, ताई, की बोलायला भीती वाटते."

मी विचारलं, "कशी बघते?"

ती म्हणाली, "आत्ता बघतेस तशी."

प्रीतमच्या दुकानात तिचं काय आहे तेही विचारून घेतलं. तिच्या धाकट्या भावाबरोबर तो लहानपणी खेळायचा. बस, तेवढंच. कालवण चांगलं होतं. नारळ जरा जास्त.

शनिवार, २ मे

जखम पूर्ण भरली. डॉक्टर शीतल म्हणाल्या, धावायचं नाही, पण कडेला उभं राहून थोडा वेळ पास द्यायला हरकत नाही. बूट मात्र मापाचे, रुंद, आणि दुपारी घ्यायचे, सकाळी नाही. का ते विचारलं. दिवसभरात पाय सुजतो म्हणून. हेच मला कोणीतरी आधीही सांगितलं होतं.

निलेशला घेऊन प्रीतमकडे गेले. दुकानात शिरताना प्रीतमकडे बघवत नव्हतं. त्याने मागचं काही काढलं नाही, स्टूल पुढे केलं. कागदावर दोन्ही पायांचा आकार काढला, डाव्याचा वेगळा, कापून बुटाच्या आत घालून बघितला. कागद कुठेही दुमडला नाही की बूट चालेल. सहा नंबर, रुंद.

मी उभी राहिले. नेहमीसारखंच, पाय कुठे आहे ते कळेना. तोंडावर आलं होतं, हे सैल आहेत. माझा पाय मला अजूनही तेच सांगतोय आणि तो खोटं सांगतोय, हे माहीत असूनही त्याच्यावरच विश्वास बसतो. निलेशने खाली बसून पुढच्या टोकाला, बाजूंना दाबून बघितलं. "बरोबर आहेत," म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

प्रीतमला म्हटलं, बांधून द्या.

रविवार, १० मे

आज टर्फवर गेले. कडेला उभी राहून पास दिले. रुचिरा सारखी माझ्या पायाकडे बघत होती, त्यामुळे तिचे स्वतःचे दोन बॉल गेले. थोड्याच वेळात तिने मला बाहेर बसवलं. मी बसले.

घरी आल्यावर निलेशने रोजच्यासारखं बाल्कनीशी बसून माझे पाय मांडीवर घेतले, उलटसुलट करून बघितले. "स्वच्छ आहेत."

मला ते फार पटकन वाटलं. आणि त्याचा चष्मा फ्रिजवर होता.

दाढीचा आरसा आणला, उजेडात जमिनीवर बसले आणि स्वतः बघायला लागले. बोटांमध्ये काही नाही. तळव्याला काही नाही. उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला, जिथे वाकूनही दिसत नाही, तिथे मसुराच्या डाळीएवढं लाल.

"हे काय?"

त्याने चष्मा आणला, बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "राहिलं माझ्याकडून."

माझ्याकडे एक अख्खं वाक्य तयार होतं. पण त्याने माझी टाच सोडली नव्हती. मी आरसा त्याच्याकडे दिला, नीट धर म्हटलं, आणि फोटो काढला. डॉक्टर शीतलना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, बूट आठवडाभर बंद, उद्या येऊन दाखवा, वेळेत बघितलंत हे बरं झालं. रुचिराला फोन करून पुढचा रविवार रद्द केला. तिने का ते विचारलं नाही, फक्त म्हणाली, "मी येते संध्याकाळी."

निलेश अजून तिथेच बसला होता, चष्मा हातात घेऊन. म्हणाला, "उद्यापासून आधी तूच बघत जा. माझ्यावर सोडू नकोस."

"नाही," मी म्हटलं. "आधी तूच बघ. मी नंतर तपासते."

त्याने चष्मा पुसून डोळ्यांवर लावला आणि डावा पाय परत मांडीवर घेतला.